पत्र्याच्या गोदामातील ऊष्मा आणि ओल

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकास, तेलंगणाच्या सीमेलगत असलेले धर्माबाद हे लाल मिरचीच्या बाजारपेठेबद्दल प्रसिद्ध आहे. मिरचीबरोबरच सोयाबीन, तूर, हरभरा व हळद हा माल ह्या भागात खळ्यावरून निघून मोंढ्यावर जाईपर्यंत, आणि कित्येकदा मोंढ्यावर गेल्यानंतरही, महिनोन्महिने साठवून ठेवावा लागतो. ही साठवण आता बहुतेक ठिकाणी लोखंडी कैच्यांवर पन्हळी पत्रे ठोकून उभारलेल्या इमारतींत होते. राज्य कृषि पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना सुरू केल्यानंतर, भाव पडलेला असताना माल विकून न टाकता गोदामात ठेवणे पुष्कळ शेतकऱ्यांना शक्य झाले. परंतु माल टिकला तरच थांबण्यात अर्थ आहे. ऑक्टोबरात ठेवलेले सोयाबीन मे महिन्यात बाहेर काढावे तो त्यातील निम्मे बी मेलेले असावे, किंवा लालबुंद मिरची फिकट पडून तिच्या देठाशी बुरशी दिसावी, हे अनुभव ह्या भागास नवे नाहीत. ह्याचा दोष पुष्कळदा कीड, बियाणे किंवा हवामान ह्यांवर टाकला जातो. वास्तविक तो बहुधा डोक्यावरील पत्र्याचा असतो, आणि तो दूर करता येण्यासारखा आहे.

पत्रा खेड्यापाड्यांत का आला, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कारण तो काढून टाका असा सल्ला देणे व्यवहार्य नाही आणि योग्यही नाही. मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे. जाड दगडी भिंती, त्यांवर लाकडी तुळया व फळ्या, त्यांवर पाला व काड्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळती लागू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याची चाल असल्याने हा थर फूट-दीड फूट, कित्येक घरांत त्याहूनही जाड होत असे. भर दुपारचे ऊन एवढ्या मातीतून खाली उतरण्यास आठ-दहा तास लागतात. तोपर्यंत रात्र झालेली असते. म्हणूनच माळवदाच्या घरातील बळद किंवा कणगी वैशाखातही थंड राहत असे. मात्र ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हेच छप्पर घातक ठरले. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील फार मोठा भाग दगडी भिंती व माळवदाची माती ह्यांखाली गाडला गेला होता. एक फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरास सुमारे पाच क्विंटल भरते. तेवढ्याच जागेवरील पत्र्याचे वजन जेमतेम पाच किलो असते. भूकंपानंतर जनतेने हलके छप्पर पसंत केले, ह्यात आश्चर्य नाही.

ह्याच कारणास्तव येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. पत्रा तापतो म्हणून त्यावर माती, विटा किंवा मुरूम टाकण्याचा मोह काही ठिकाणी दिसतो. पत्र्याखालच्या कैच्या व वासे एवढे ओझे पेलण्यासाठी घातलेलेच नसतात. पावसाने माती भिजली म्हणजे वजन आणखी वाढते आणि झाकलेला पत्रा न दिसता गंजत जातो. माळवदाचा गुण घ्यावयाचा, पण त्याचे वजन घ्यावयाचे नाही, असा हा प्रश्न आहे.

पत्रा करतो काय?

लोखंडातून उष्णता अतिशय वेगाने जाते. थर्माकोल किंवा तत्सम पोकळ पदार्थांतून ती लोखंडाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी जाते. त्यात पत्र्याची जाडी अर्धा मिलिमीटर. म्हणजे पत्र्याची वरची बाजू व खालची बाजू ह्यांच्या तपमानात जवळजवळ अंतरच नसते. एप्रिल-मे महिन्यांत ह्या भागात हवेचे तपमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा उन्हातील पत्रा ६० ते ७० अंशांपर्यंत तापतो. हा तापलेला पत्रा खालची हवा तर तापवितोच, पण त्याहून अधिक म्हणजे चुलीच्या तव्याप्रमाणे थेट खालच्या थप्पीवर उष्णता टाकतो. थप्पीच्या वरच्या दोन-तीन थरांतील पोती तळाच्या पोत्यांपेक्षा अधिक खराब होतात ती ह्यामुळे. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवितो, म्हणून तो तापत नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. चकचकीत पत्रा काही ऊन परतवितो, परंतु जेवढी उष्णता त्यात शिरते ती त्याला लवकर बाहेर टाकता येत नाही. गंज चढल्यावर तर ऊन परतविण्याचा गुणही जातो.

दिवसाची ही कथा बहुतेकांस ठाऊक असते. रात्रीची नसते. आकाश निरभ्र असेल तेव्हा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. गोदामातील हवेत मालातून, जमिनीतून व दिवसा उघड्या दारातून आलेली वाफ असते. गरम हवा पुष्कळ वाफ धरून ठेवते, थंड हवा थोडी. ३० अंश तपमानाच्या हवेत दर घनमीटरास सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. १५ अंशांस तेरा ग्रॅमसुद्धा राहत नाही. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व सरासरी चार मीटर उंच अशा गोदामात २४० घनमीटर हवा असते. ती ३० अंशांस व ६० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिच्या प्रत्येक घनमीटरात सुमारे १८ ग्रॅम वाफ आहे. ही हवा पहाटेपर्यंत १५ अंशांपर्यंत निवाली, तर दर घनमीटरामागे पाच ग्रॅमहून अधिक वाफेस हवेत जागा उरत नाही. एकंदर हिशेब सव्वा लिटर पाण्याच्या वर जातो. हे पाणी प्रथम सर्वांत थंड जागी, म्हणजे पत्र्याच्या खालच्या अंगास, दंवाच्या रूपाने जमते, पन्हळीतून ओघळते आणि जेथे स्क्रू किंवा वासा अडतो तेथून थेंब थेंब पोत्यांवर पडते. ओलसर माल भरलेला असेल तर हा प्रकार एका रात्रीपुरता न राहता रोजचा होतो, कारण दिवसा मालातून नवी वाफ निघत राहते.

पोते वरून भिजले की शेतकरी म्हणतो, पत्रा गळतो. मग डांबर लावले जाते, स्क्रू बदलले जातात, आणि थेंब पडतच राहतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गळती व दंव ह्यांतील फरक स्वतः पाहून सांगावा. गळती पाऊस पडताना होते आणि ठराविक जागी होते. दंव पाऊस नसलेल्या निरभ्र रात्रीनंतर पहाटे दिसते आणि सगळ्या पत्र्यावर सारखे पसरलेले असते. भर दुपारी दारे लावून आत अंधार करावा व वर पाहावे. जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथे छिद्र आहे. जमिनीची ओल ओळखण्यासाठी हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा फरशीवर पसरून त्याच्या कडा चिकटवून टाकाव्या व एक-दोन दिवसांनी उचलावा. खालच्या अंगास पाणी आढळल्यास ओल जमिनीतून येते. वरच्या अंगास आढळल्यास ती हवेतील आहे. रोग ओळखल्यावाचून उपाय केल्यास पैसा जातो आणि ओल राहते.

छपराचा बंदोबस्त

पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे. ऊन पत्र्यात शिरण्यापूर्वीच परतवावे. त्यासाठी पत्रा घासून, गंज काढून, वर पांढरा परावर्तक रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा. चुन्याची सफेदीही चालते, परंतु ती पावसाने धुऊन जाते व दरवर्षी करावी लागते. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेच्या लाटांविरुद्ध कृति-आराखडा तयार केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम त्यास जोडले. धर्माबादच्या शेजारच्या तेलंगण राज्याने तर २०२३ साली थंड छपरांविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. जो उपाय माणसांच्या निवाऱ्यास लागू पडतो तो गोदामास न पडण्याचे कारण नाही. मात्र पांढरा रंग फक्त दिवसाचा उपाय आहे. रात्री पत्रा पूर्वीइतकाच थंड होतो आणि दंव पूर्वीप्रमाणेच पडते. केवळ रंग देऊन ओल जाईल अशी आशा कोणी बाळगू नये.

दुसरा उपाय पत्र्याखाली उष्णतारोधक थर देण्याचा. बाजारात अनेक वस्तू मिळतात. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार तक्ते, ज्यांस पफ पॅनेल म्हणतात, ते उत्तम पण महाग. नवी इमारत बांधतानाच त्यांचा विचार करावा. जुन्या गोदामासाठी काचलोकर, दगडलोकर, फोमची चादर किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख लावलेली बुडबुड्यांची चादर वापरतात. ह्या शेवटच्या चादरीसंबंधी एक चूक सार्वत्रिक आढळते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगणे इष्ट आहे. वर्खाचा उपयोग असा की, त्याचा चकचकीत पृष्ठभाग स्वतः उष्णता फारशी बाहेर टाकीत नाही. परंतु हा गुण त्याच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच उपयोगी पडतो. चादर पत्र्यास घट्ट चिकटवून तिची चकाकी वर, पत्र्याकडे ठेवली, तर तो वर्ख म्हणजे आणखी एक धातूचा पातळ थर झाला. त्याने काही साधत नाही. चकाकी खाली गोदामाच्या अंगास ठेवावी, आणि चादर व पत्रा ह्यांमध्ये किमान एक इंचाची पोकळी सोडावी. वर ठेवलेल्या चकाकीवर धूळ बसून ती मंद होते, खालची स्वच्छ राहते, हाही लाभ आहे.

ज्यांस ह्या वस्तू परवडत नाहीत त्यांनी पत्र्याखाली वीतभर अंतरावर, पाखाच्या उताराशी समांतर, बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे. तट्ट्या दोन्ही बाजूंनी चुन्याने सारवाव्या. पत्रा व तट्टी ह्यांमधील पोकळी वळचणीस व आढ्याशी बाहेरच्या हवेस मोकळी असावी. म्हणजे तापलेली हवा आढ्यातून निघून जाते व तिच्या जागी वळचणीतून नवी येते. छत सपाट न ठेवता उतरते ठेवण्याचा हेतू हा की, पोकळीत कधी दंव पडलेच तर ते पोत्यांवर न ठिबकता वळचणीकडे वाहून जावे. तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा किंवा पाचट ह्यांचा थर उष्णता चांगली अडवितो, पण तो गोदामात घालू नये. त्यात उंदीर घरे करतात, वाळवी लागते, आणि विजेच्या तारेची एक ठिणगी सर्व माल भस्म करण्यास पुरते. थर्माकोलही उघडा ठेवू नये. तो जळताना फार घातक धूर निघतो आणि उंदीर तो कुरतडतात.

आता तिसरी गोष्ट, जी बहुतेक गोदामांत राहून जाते. काचलोकर किंवा तट्टी उष्णता अडविते, पण वाफ अडवीत नाही. वाफ तिच्यातून आरपार जाऊन थंड पत्र्यास लागते आणि तेथे तिचे पाणी होते. तेच पाणी काचलोकरीत शिरले की तिचा उष्णतारोधक गुण संपतो, कारण तिचे सारे सामर्थ्य तिच्यात कोंडलेल्या कोरड्या हवेत असते. भिजलेली लोकर वाळतही नाही; वरचा पत्रा मात्र आतून कुजत जातो. ह्यासाठी उष्णतारोधक थरास एका अंगाने बाष्परोधक पडदा हवा. जाड पॉलिथीन किंवा वर्ख चालतो. पण सांधे चिकटपट्टीने बंद केलेले असावेत, नाही तर वाफ नेमकी सांध्यातून जाते. हा पडदा कोणत्या अंगास लावावा ह्याचा नियम एकच आहे: ज्या बाजूस अधिक ऊब व वाफ असते त्या बाजूस. साध्या गोदामात थंडीच्या रात्री आतली बाजू उबदार व बाहेरची थंड असते. म्हणून पडदा आतून, मालाच्या अंगास. मिरचीचा रंग टिकविण्यासाठी शीतगृह उभारावयाचे झाल्यास ह्याच्या नेमके उलट. तेथे आत थंड व बाहेर उष्ण आणि पावसाळ्यात दमट हवा असते. म्हणून पडदा बाहेरच्या अंगास हवा. साध्या गोदामाचे पुढे शीतगृह करावयाचा विचार असेल, तर ही गोष्ट मिस्त्रीवर न सोपविता अभियंत्याकडून ठरवून घ्यावी.

वाफ अडविण्याचे तत्त्व काही परदेशी नाही. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने खेड्यांसाठी जी पुसा कोठी तयार केली तिच्यात कच्च्या विटांच्या दोन भिंतींमध्ये पॉलिथीनचा पडदा ठेवलेला असतो. माती ऊन अडविते, पॉलिथीन ओल अडविते. दोन कामे दोन वस्तूंस वाटून दिली आहेत. पत्र्याच्या गोदामातही तेच करावयाचे आहे.

हवा केव्हा आत घ्यावी

गोदामास झरोके हवेत, पण ते सदैव उघडे नकोत. झरोका हे बंद होणारे दार असावे व त्यास बारीक जाळी असावी. मार्च ते मे महिन्यांत दिवसभर सर्व बंद ठेवून रात्री उशिरा झरोके उघडावे व सूर्य वर येण्यापूर्वी लावावे. त्या दिवसांत रात्रीची हवा थंड व बहुधा कोरडी असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ह्या काळात उलट करावे. सकाळी ऊन तापल्यावर, दहा-अकरानंतर उघडावे आणि सूर्यास्तापूर्वी बंद करावे, कारण पहाटेची हवा थंड असली तरी दमट असते. पावसाळ्यात सामान्यतः बंदच ठेवावे. उघडीप पडून दोन-तीन दिवस कडक ऊन मिळाल्यास दुपारी थोडा वेळ उघडण्यास हरकत नाही. अवकाळी पाऊस पडल्यावर हवा गार झाली म्हणून दारे उघडण्याची रीत आहे. त्या वेळी बाहेरची हवा पाण्याने भरलेली असते, तेव्हा ती टाळावी. अंदाजावर न राहता आत एक व बाहेर एक असे दोन आर्द्रतामापक टांगल्यास फार सोय होते. आतील आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकून राहू लागली की बुरशी दूर नाही असे समजावे.

उन्हाळ्यात गोदामात पाण्याचा कूलर लावणे किंवा छपरावर ओली पोती पसरणे हा उपाय करू नये. कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच. गोठ्यात किंवा कुक्कुटगृहात, जेथे हवा सतत खेळती असते व जनावरांस गारवा हवा असतो, तेथे पाण्याचा फवारा योग्य आहे. धान्यास व मिरचीस तो विष आहे. पत्र्याच्या बाबतीत बहुतेक नुकसान ह्या एकाच गोंधळातून होते: उष्णता घालविण्याचा उपाय करताना ओल आत आणली जाते.

जमिनीविषयी थोडेच सांगावयाचे आहे. गोदावरीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते व फुगते, म्हणून जोते निदान दोन फूट उंच असावे आणि फरशीच्या काँक्रीटखाली जाड पॉलिथीन अंथरलेले असावे. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास लांब भिंतींवर ऊन कमी येते. पाख भिंतीच्या बाहेर दोन-तीन फूट असावे. पोती लाकडी पाटांवर, भिंतीपासून हात-दीड हात सोडून रचावी. थप्पी छपराला भिडवू नये.

घरच्या पत्र्याच्या कोठीसही हेच नियम लागू आहेत. कोठी उन्हात ठेवली तर तिची एक बाजू तापते, दुसरी थंड राहते. तापलेल्या बाजूच्या दाण्यांतील ओल हवेबरोबर वर सरकते आणि झाकणाखाली जमते. तेथे धान्याचा गठ्ठा झालेला आढळतो. कोठी सावलीत, भिंतीपासून दूर, पाटावर ठेवणे एवढाच ह्यावर उपाय आहे.

छप्पर कितीही चांगले असले तरी ओला माल त्यास हरवितो. मिरची १० ते ११ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून मगच भरावी. ओलसर व उष्ण जागी तिच्यावर जी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. युरोपातील देश दर किलो मिरचीत हे विष एकूण १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक चालवून घेत नाहीत. असा माल बंदरावरून परत येतो. उष्णता व उजेड ह्यांनी मिरचीचा रंगही उडतो, आणि बाजारात भाव ठरतो तो मुख्यतः रंगावर. कडधान्यांचा ओलावा पाहण्यासाठी जवळ मापक नसल्यास कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ व दाणे घालून काही मिनिटे हलवावे. मीठ काचेस चिकटल्यास दाण्यात १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे, माल पुन्हा वाळविला पाहिजे.

सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे सोयाबीनचे बी. त्याची साल पातळ व अंकुर सालीस लागून असतो. हॅरिंग्टन ह्या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाने बियांच्या साठवणीसंबंधी एक ठोकताळा दिला आहे: बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला तर आयुष्य दुप्पट होते, आणि तपमान पाच अंशांनी कमी केले तरीही दुप्पट होते. म्हणजे १२ टक्क्यांऐवजी ९ टक्के ओलाव्याचे बी आठपट टिकू शकेल, आणि ४० अंशांऐवजी ३० अंशांत ठेवलेले चौपट. रंग, छत व पडदा ह्यांवरील खर्च करावा की न करावा, ह्याचा विचार करताना हे आकडे समोर ठेवावे. बियाण्याची पोती पत्र्यापासून सर्वांत दूर, उत्तरेकडील भिंतीच्या बाजूस ठेवावी, पाचाहून अधिक एकावर एक रचू नयेत आणि उंचावरून आदळू नयेत.

मे महिन्याच्या मध्यास थप्पीच्या वरच्या, मधल्या व तळच्या पोत्यांतून वेगवेगळे नमुने काढून प्रत्येकी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावे. पाच-सहा दिवसांनी सुदृढ कोंब आलेले दाणे मोजावे. ७० किंवा त्याहून अधिक उगवले तर ते बी पेरणीयोग्य आहे. कमी उगवल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागेल, किंवा वेळीच दुसरे मिळवावे लागेल. वरच्या पोत्यातील उगवण तळच्या पोत्यापेक्षा पुष्कळ कमी आली, तर दोष छपराचा आहे. अशा गोदामातील बियाणे त्याच दिवशी खाली हलवावे आणि पावसाळा संपताच, नवे सोयाबीन येण्यापूर्वी, छपराचे काम हाती घ्यावे.